काकूंच्या वाट्याचे भाग

आमच्या घरात एक नियम होता, आणि तो सासूबाईंनी केलेला असल्यामुळे त्यावर अपील नव्हतं. गल्लीतल्या सगळ्या बायकांचं पाहून झाल्याशिवाय मालिकेचा एकही भाग पुसायचा नाही.

दारव्ह्याच्या अगदी टोकाला, जिथे घरं संपून कापसाच्या पऱ्हाटीची शेतं सुरू होतात, तिथे आमची गल्ली. हंगामात गल्लीतल्या बहुतेक बायका कापूस वेचायला जात. सकाळी डबा बांधून निघायच्या त्या दिवेलागणीला परत. आल्या की स्वयंपाक, पोरं, पाणी, आणि नेमकी तेव्हाच ती सातची मालिका. त्यात विजेची लाइन असेल तर नशीब. माझ्या नवऱ्याने एका दिवाळीला रेकॉर्डिंगची सोय असलेला सेट-टॉप बॉक्स आणला, तो खरं तर क्रिकेटसाठी. क्रिकेट त्याच्या वाट्याला फारसं आलं नाही. सासूबाईंनी रिमोटवरचं लाल बटण ओळखून घेतलं आणि त्या दिवसापासून ती पेटी त्यांची झाली. इन्व्हर्टरची जुनी बॅटरी टीव्हीला पुरत नसे, म्हणून त्यांनी नुसती पेटी तिच्यावर लावून घेतली. घरात अंधार असला तरी पेटी आपली मालिका भरून घ्यायची.

बाजाराच्या दिवशी वेचणी बंद असे. त्या दुपारी सगळ्या बायका आमच्याकडे जमत. कुणी निवडायला तांदूळ आणी, कुणी गोधडी शिवायला आणी, आणि आठवड्याचे सगळे भाग एका बैठकीत पाहून होत. जिला यायला जमलं नसेल तिच्यासाठी ते भाग तसेच राहत. सासूबाईंना लिहिता-वाचता बेताचंच यायचं, पण कुणाचं काय पाहायचं राहिलंय हे त्यांना तोंडपाठ असे. मी तेव्हा बसस्टँडजवळ संगणकाचा वर्ग चालवत होते. मुलांना फायली नीट जपा म्हणून सांगून माझा घसा बसायचा, आणि घरी ही बाई फायली डोक्यात जपत होती. मला हसूही यायचं आणि थोडा रागही. कारण माझ्या बातम्यांना त्या पेटीत कधीच जागा मिळाली नाही.

या सगळ्या बायकांत शेजारच्या काकू म्हणजे सासूबाईंचा जीव. दोघींचं लग्न एकाच उन्हाळ्यात झालेलं, दोघी एकाच विहिरीवर पाणी भरत मोठ्या झालेल्या सुना. काकूंना मालिका गप्प बसून पाहता येत नसे. पडद्यावरच्या सुनेला त्या सल्ले द्यायच्या, सासूला शिव्या द्यायच्या, आणि नवरा आला की म्हणायच्या, आला हा मेंगळट. त्या नसल्या की बाकीच्यांना पाहण्यात मजा येत नसे.

कापसाची ती वाईट वर्षं होती. बोंडं वरून चांगली दिसायची आणि फोडून पाहिली की आत अळी. लोक फवारण्यांवर फवारण्या करत होते, दोन-तीन औषधं एकत्र करून मारत होते. पऱ्हाटी त्या वर्षी माणसाच्या डोक्याच्या वर गेलेली, त्यामुळे फवारा सगळा तोंडावर यायचा. काकूंचे यजमान, आमचे काका, तीन दिवस फवारणी करून आले आणि चौथ्या दिवशी अंगणात उलट्या करत बसले. मग म्हणू लागले, समोरचं दिसून नाही राह्यलं. भाड्याची जीप बोलावली. त्यांना मागच्या सीटवर आडवं टाकलं आणि काकू नेसत्या लुगड्यानिशी त्यांच्या उशापाशी बसल्या.

सासूबाईंनी त्यांच्या मांडीवर भाकरीचं गाठोडं ठेवलं. काहीतरी बोलायला हवं होतं, आणि त्या बोलल्या ते हे.

"तू येशीन तवापर्यंत तुह्या वाट्याचा एकबी भाग पुसू देणार नाई. जाय तू बिनफिकीर."

मला भयंकर संताप आला. माणूस जीपमध्ये तळमळतोय आणि या मालिकेचं बोलतात. पण काकूंनी मान हलवली. रडता रडता त्यांनी सासूबाईंचा हात दाबला, आणि जीप यवतमाळच्या रस्त्याला लागली.

दवाखान्यातून बातम्या येत त्या तुटक असत. आज शुद्धीवर आहेत. आज पुन्हा नाहीत. डोळ्यांचं सांगता येत नाही. काकू वॉर्डाच्या बाहेर व्हरांड्यात पटकूर टाकून झोपतात. इकडे सातची मालिका रोज भरत होती, आणि बाजाराच्या दिवशी बायका आपापले भाग पाहून जात होत्या. फक्त पुसलं काहीच जात नव्हतं. दसरा गेला, दिवाळी गेली. एका संध्याकाळी टीव्हीवर पाटी आली की पेटी भरत आली आहे.

ती पाटी मीच वाचून दाखवली आणि पस्तावले. आमच्या पेटीची रीत अशी होती की जागा संपली की ती सगळ्यांत जुनं रेकॉर्डिंग आपणहून पुसायची. सगळ्यांत जुनं म्हणजे काकूंचं. मी म्हटलं, रेकॉर्डिंग थोडे दिवस बंद ठेवू. तर सासूबाई म्हणाल्या, बाकीच्या बायकांनी काय करायचं? मी म्हटलं, जुन्या भागांची गोष्ट काकूंना फोनवर सांगून टाका. त्यावर सासूबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी पुढचं वाक्य गिळलं. नवऱ्याने मोठ्या मनाने आपल्या दोन मॅचेस पुसायला दिल्या. त्यातून जेमतेम आठवड्याची सोय झाली. शिवाय पेटीतून आता कटकट असा आवाज येऊ लागला होता. हार्ड डिस्क म्हातारी झाली की असा आवाज करते, आणि एक दिवस काही न सांगता बंद पडते. हे मात्र मी सासूबाईंना सांगितलं नाही.

उपाय एकच होता. मोठी डिस्क आणायची, जुनीवरचं सगळं जसंच्या तसं तिच्यावर उतरवायचं आणि ती पेटीत बसवायची. नवरा काकांना भेटायला यवतमाळला गेला तेव्हा येताना नवी डिस्क घेऊन आला. काकांच्या जिवाचा धोका टळला होता, ही बातमीही त्यानेच आणली. एका डोळ्याने त्यांना उजेड आणि सावल्या दिसत होत्या. पंधरा-वीस दिवसांत घरी सोडतील असं डॉक्टर म्हणाले होते. सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली आणि लगेच मला विचारलं, तुह्यं ते काम कधी करतं?

मी ते माझ्या वर्गात करायला घेतलं आणि पहिल्याच झटक्यात माझी फजिती झाली. दोन्ही डिस्क बाहेरच्या यूएसबीच्या तारेने संगणकाला जोडल्या आणि नक्कल सुरू केली. संगणकाने हिशेब करून सांगितलं, उद्या संध्याकाळपर्यंत होईल. उद्या संध्याकाळपर्यंत! आमच्याकडे सलग सहा तास लाइन राहिली तरी लोक आश्चर्य करायचे. दुपारी लाइन गेली, वर्गाच्या यूपीएसने दहा मिनिटं तग धरला आणि सगळं मुसळ केरात. पुन्हा पहिल्यापासून. आणि पेटीच्या पोटात डिस्क नसल्यामुळे त्या दिवशीचा सातचा भाग बुडाला, तो वेगळाच. तो मला गल्लीने आठवडाभर ऐकवला. सून घर सोडून गेली तो नेमका तोच भाग होता म्हणे.

म्हणजे अट स्पष्ट झाली. लाइन साधारण अकराला येते आणि पाचच्या पुढे तिचा भरवसा नाही. तेवढ्यात नक्कल पूर्ण व्हायला हवी आणि सातच्या आत पेटी जागेवर हवी. कामाला वेग कसा द्यायचा हे शोधण्यात माझ्या दोन-तीन दुपारी गेल्या. इंटरनेटवर परदेशातल्या लोकांची इंग्रजी पानं वाचली. त्यांच्याकडे लाइन जाण्याचा प्रश्नच कुणी काढत नव्हतं. पण दोन गोष्टी हाताला लागल्या. एक, बाहेरची तार फार अरुंद. संगणकाचं खोकं उघडून दोन्ही डिस्क आत, मदरबोर्डलाच वेगवेगळ्या तारांनी जोडायच्या. दुसरी, नक्कल करणारा जो हुकूम मी देत होते, तो स्वतःहून फार लहान घास घेतो. इकडून कणभर उचलायचा, तिकडे ठेवायचा, पुन्हा कणभर. त्याला मोठा घास घे म्हणून सांगावं लागतं.

हे सासूबाईंना सांगताना मी वेचणीचा दाखला दिला. वेचणाऱ्या बाईने एक बोंड तोडलं की ते घेऊन बांधावरच्या गाठोड्यापर्यंत चालत जायचं आणि परत यायचं, असं चाललंय. कमरेला ओटी बांधून ती भरली की मगच बांधावर जायला हवं. सासूबाईंनी तांदूळ निवडता निवडता वर पाहिलं.

"मंग आधी काहून नाई सांगतलं त्याले?"

मी बाजाराचा दिवस ठरवला, कारण त्या दिवशी सगळ्या बायका घरी असत आणि निदान कुणाचा भाग बुडाला तर ती मला समोरासमोर बोलली असती. ये-जा वाचावी म्हणून वर्गातला संगणक नवऱ्याच्या गाडीवर बांधून घरी आणला. घरी अडचण एवढीच की आमच्या गल्लीत लाइनचा दाब एकदम उतरायचा. कुणी पाण्याची मोटर लावली की बल्ब लाल होई, आणि संगणकाला ते खपत नसे, तो बंद पडून पुन्हा सुरू होई. मी हे सहज बोलून गेले होते. सासूबाईंनी ते मनावर घेतलं. बाजाराच्या दिवशी सकाळीच पदर खोचून त्या दारोदार हिंडल्या. आज अकराच्या नंतर कुणी मोटर लावायची नाही, मिक्सर नाही, इस्त्री नाही. कोपऱ्यावरच्या चक्कीवाल्याने आधी कुरकूर केली, पण त्याची बायकोही आमच्याकडे मालिका पाहायला यायची. तिने आतूनच काहीतरी म्हटलं आणि त्याने पट्टा उतरवला. दळण घेऊन आलेल्यांना तो सांगत होता, पाचच्या नंतर या, काम चालू आहे. कसलं काम, हे त्यालाही नीट माहीत नव्हतं.

अकराच्या सुमारास लाइन आली. मी पेटी उघडली, जुनी डिस्क काढून बाजेवर नव्या डिस्कजवळ ठेवली आणि संगणकाचं खोकं उघडायला बसले. तेवढ्या वेळात सासूबाई पूजेचं ताट घेऊन येऊन गेल्या. ते नेहमीचंच होतं. आमच्या घरात नवी वस्तू हळदकुंकवाशिवाय वापरात येत नाही. मिक्सरला, गाडीला, गॅसच्या नव्या सिलेंडरलाही कुंकू लागतं. मी वळून पाहिलं तर एका डिस्कच्या चिठ्ठीवर ओल्या हळदीचं आणि कुंकवाचं ठसठशीत बोट ओढलेलं. दोन्ही डिस्क एकाच कंपनीच्या, एकाच रंगाच्या. कुंकवाची ती नवी, असं मी धरलं आणि तारा लावल्या. पडद्यावर दोन्ही डिस्कची साठवण किती ते पाहून खात्री करून घ्यायची असते, मी रोज मुलांना तेच शिकवत होते. पण दारात दहा-बारा बायका येऊन बसल्या होत्या, डोक्यावर पाचची घंटा होती, आणि कुंकवापेक्षा मोठी खूण कोणती? कुठून उचलायचं आणि कुठे ठेवायचं, ते मी टाइप केलं. मोठा घास घे, हेही टाइप केलं. आता एक बटण दाबायचं बाकी होतं.

सासूबाई मागून वाकून पाहत होत्या. त्यांनी कुंकवाच्या डिस्कवरून हलकेच हात फिरवला.

"लई सेवा केली वं इनं. चाल्ली आता, म्हून कुंकू लावलं."

माझं बोट तिथेच थांबलं. घरी आलेल्या बाईला निघताना कुंकू लावल्याशिवाय दाराबाहेर सोडायचं नाही, हीसुद्धा याच घराची रीत. सासूबाईंनी जुन्या डिस्कची पाठवणी केली होती. मी ते बटण दाबलं असतं तर कोऱ्या डिस्कवरचं रितेपण मोठ्या मोठ्या घासांनी, अगदी वेगाने, काकूंच्या भागांवर ओतलं गेलं असतं. त्यानंतर ते भाग जगातल्या कुणालाही परत आणता आले नसते. मी पाणी प्यायले, टाइप केलेलं पुसलं, दोन्ही डिस्कची साठवण दोनदा पाहिली आणि पुन्हा लिहिलं. नव्या डिस्कलाही कुंकू लावा, असं सासूबाईंना सांगितलं. दोघींना लावलं म्हणजे निदान पुन्हा कुणाला भलती समजूत व्हायची नाही.

बटण दाबलं. या वेळी आकडे पळायला लागले. वर्गात जे काम खुरडत चाललं होतं ते इथे धावत होतं. मी हिशेब केला, साडेतीनपर्यंत व्हायला हरकत नव्हती. बायकांना मी सांगितलं, आता पाहण्यासारखं काही नाही, घरी जा. एकही हलली नाही. टीव्ही बंद होता, म्हणून त्या संगणकाचे आकडेच पाहत बसल्या. मध्येच कुणी विचारी, आता कुठलोक आलं? दसऱ्यालोक आलं का? मी म्हणे, दसऱ्यापर्यंत आलं. मग एकीने त्या दसऱ्याच्या भागात काय झालं होतं ते सांगायला घेतलं, दुसरीने तिला दुरुस्त केलं, आणि तासभर मालिका अशी तोंडीच चालली. एकदा बल्ब मंदावला. एक जण उठून बाहेर गेली, गल्लीच्या तोंडाशी कुणाला तरी तिने खणखणीत आवाजात झापलं, आणि बल्ब पुन्हा उजळला.

साडेतीनच्या आतच काम झालं. मी नवी डिस्क पेटीत बसवली, तारा जोडल्या आणि पेटी सुरू केली. तिचं ते गोल गोल फिरणारं चिन्ह पडद्यावर इतका वेळ फिरत राहिलं, की मला वाटलं, संपलं सगळं. तिने नव्या डिस्कला ओळखलंच नाही तर मी काय करणार होते, ते मलाही माहीत नव्हतं. मग यादी आली. सगळ्यांत खाली, काका दवाखान्यात गेले त्या दिवसाचा भाग. मी तो लावून पाहिला. सून चहाचा ट्रे घेऊन जिना उतरत होती. पेटीची निम्म्याहून जास्त जागा मोकळी दिसत होती. बायकांनी टाळ्या वाजवल्या, आणि मला रडू आलं. ज्या मालिकेला मी इतकी वर्षं नावं ठेवली तिच्यातल्या एका चहाच्या ट्रेवर मी रडत होते. खाली पडलेला स्क्रू शोधायचं निमित्त करून मी बराच वेळ मान वर केली नाही.

काका-काकू घरी आले तेव्हा थंडी पडायला लागली होती. काकांच्या डोळ्यांवर काळा चष्मा होता, आणि काकू त्यांचा हात धरून त्यांना पायरी सांगत होत्या. काकू अर्ध्या झाल्या होत्या. गल्ली भेटायला लोटली, डबे आले, गेले. मालिकेचं नाव सासूबाईंनी काढलं नाही. मी वाट पाहत होते, कारण माझं काम मला दाखवायचं होतं. पाच-सहा दिवसांनी, दुपारी, काकांच्या बहिणीला त्यांच्यापाशी बसवून काकू आमच्याकडे आल्या. सासूबाईंनी काही न विचारता टीव्ही लावला, खालचा पहिला भाग काढला, आणि काकूंच्या पाठीला तक्क्या दिला.

सुरुवातीचं गाणं संपलं. सून जिना उतरू लागली. काकूंनी तिला काहीच सल्ला दिला नाही. मी स्वयंपाकघरातून डोकावले तर त्यांची मान कलली होती आणि तोंड किंचित उघडं होतं. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशीही. सासूबाई रोज तोच भाग पहिल्यापासून लावायच्या. काकू रोज पदर सावरून, आज नक्की पाहायचं अशा तयारीने बसायच्या, आणि जिना उतरायच्या आत झोपलेल्या असायच्या. इतका खटाटोप करून वाचवलेल्या भागांपैकी एकही त्यांचा पाहून झाला नव्हता. इकडे नवी डिस्कही हळूहळू भरायला लागली होती.

एका दुपारी मला राहवलं नाही. काकू झोपलेल्या पाहून मी सासूबाईंच्या हातातला रिमोट मागितला. म्हटलं, आई, त्या हे पाहतच नाहीत. त्या इथे झोपतात. आता तरी जुने भाग काढून टाकू.

सासूबाईंनी रिमोट पदराखाली घेतला. काकूंच्या अंगावर त्यांनी आपली शाल घातली आणि दबक्या आवाजात म्हणाल्या,

"तिकडं रातभर जागून मालकाचा श्वास ऐकत बसते ते. तिले घरी झोप नाई येत वं. इथं येते. राहू दे तसंच."

पडद्यावर सून ट्रे घेऊन खाली आली होती आणि काकू अगदी हलकं घोरत होत्या. मी टीव्हीचा आवाज थोडा कमी केला, समोरचं दार लोटून घेतलं आणि पाय न वाजवता आत गेले.